लिनक्सवर माउसच्या चाकाचं स्क्रोलिंग स्मूद करायचं तर कुठे पाहायचं आणि काय बदलायचं

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना ऑफिसचा डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू, आणि सोबत साधासा ऑप्टिकल माउस. मुंबईत असा संच बऱ्याच घरांत आणि छोट्या ऑफिसांत दिसतो. त्यावर कामं नीट होतात, पण ई-पेपर किंवा लांबलचक पीडीएफ वाचताना चाक फिरवलं की पान गचकन वर उडतं आणि वाचत होतो ती ओळ हरवते. मग कोणीतरी सुचवतं, ‘आयएमव्हील टाक.’ चाकाचा वेग वाढवणारा हा छोटा प्रोग्रॅम टाकल्यावर आधीपेक्षा जास्त गडबड होते.

याचं कारण असं की स्मूद स्क्रोलिंग या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे चाकाची बारीक हालचाल खरोखर संगणकापर्यंत पोचणं. दुसरी म्हणजे चाक ठोकळ पावलांनीच चाललेलं असताना प्रोग्रॅमने प्रत्येक पाऊल ॲनिमेशनने सावकाश सरकवून दाखवणं. पहिली माउस, कर्नल (लिनक्सचा गाभा, जो उपकरणांशी बोलतो) आणि डेस्कटॉप यांच्यावर अवलंबून असते, दुसरी फक्त त्या प्रोग्रॅमवर. आपलं काम नेमकं कुठे अडलंय हे आधी शोधा, सेटिंगला हात नंतर लावा. हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या बदलात काम होतं.

पुढच्या कमांड, फाइलींची नावं आणि सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीतच टाइप करायची.

चाकापासून पडद्यापर्यंत

साध्या माउसचं चाक फिरवताना बोटाला जी टकटक जाणवते ती खाचांची असते. बऱ्याच माउसमध्ये एका फेरीत २४ खाचा असतात, म्हणजे प्रत्येक खाच १५ अंशांची. चाकाच्या बाजूला बसवलेला एन्कोडर खाच ओलांडली की एक ठोका पाठवतो. स्वस्त माउसकडे यापेक्षा बारीक सांगण्यासारखं काहीच नसतं. हाय-रेझोल्यूशन चाकाचा माउस मात्र एका खाचेच्या आतली हालचालही कळवतो.

लिनक्स कर्नलमध्ये याची नीट सोय ५.० या आवृत्तीत, २०१९ साली आली. तोवर उभ्या स्क्रोलसाठी ‘आरईएल_व्हील’ हा एकच इव्हेंट (कर्नलने पाठवलेली हालचालीची नोंद) होता आणि त्याची किंमत पूर्ण खाचांतच मोजली जायची. ५.० पासून सोबत ‘आरईएल_व्हील_हाय_रेस’ हा दुसरा इव्हेंट येतो. त्यात पूर्ण खाच म्हणजे १२०. माउस एका खाचेचे आठ तुकडे करून सांगत असेल तर प्रत्येक तुकडा १५ चा येतो. १२० हा आकडा विंडोजमध्ये आधीपासून रूढ होता, तोच इथेही घेतला.

कर्नलच्या वर बसतं लिबइनपुट, म्हणजे माउस-कळफलकाचे इव्हेंट डेस्कटॉपपर्यंत नेणारी लायब्ररी. त्याने हे बारीक आकडे पुढे पाठवण्याची सोय १.१९ मध्ये, २०२१ साली दिली. त्यानंतर वेलँडच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था, जुनी ती एक्स११) प्रोटोकॉलमध्ये २०२२ साली, १.२१ आवृत्तीसोबत, १२० च्या हिशोबातला इव्हेंट आला. शेवटी जीटीके, क्यूटी (प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायची साधनं) किंवा ब्राउझर तो आकडा घेऊन पान किती पिक्सेल सरकवायचं ते ठरवतात. या साखळीत एक कडी जरी जुनी असली तरी वरच्या सगळ्यांना पूर्ण खाचाच दिसतात.

म्हणून वितरणाची (डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या तयार संचाची) आवृत्ती आधी पाहा. डेबियन ११ मध्ये कर्नल ५.१० होतं, म्हणजे खालची सोय होती, पण लिबइनपुट १.१६ चं. त्यामुळे महागडा माउस जोडूनही बारीक स्क्रोल वर पोचत नाही. तिथे अपग्रेडला पर्याय नाही. डेबियन १२, उबुंटू २२.०४ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये दोन्ही गोष्टी आहेत.

तपासणी

पहिलं काम, सत्र कोणतं चालू आहे ते बघा. टर्मिनलमध्ये ‘एको’ लिहून एक जागा सोडा, मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला लागून ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ (सगळी कॅपिटल अक्षरं). उत्तर ‘वेलँड’ किंवा ‘एक्स११’ येईल. लिनक्स मिंटचा सिनेमन डेस्कटॉप सहसा एक्स११ वर उघडतो, उबुंटूचा ग्नोम बहुतेक यंत्रांवर वेलँडवर.

दुसरं, दोन छोटी साधनं बसवा: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल इव्हटेस्ट लिबइनपुट-टूल्स’. फेडोरावर दुसऱ्या पॅकेजचं नाव ‘लिबइनपुट-युटिल्स’ आहे.

आता ‘सुडो इव्हटेस्ट’ चालवा. जोडलेल्या उपकरणांची यादी येईल, त्यातून माउसचा क्रमांक द्या. वायरलेस रिसीव्हर असेल तर एकाच माउसच्या दोन-तीन नोंदी दिसतात. चाक फिरवल्यावर जिच्यात ओळी उमटतात ती आपली. आता बोटाने चाक अगदी हळू, एक खाच पूर्ण होईपर्यंत फिरवा आणि ‘कोड ११’ असलेल्या ओळींकडे बघा. तोच हाय-रेस इव्हेंट. खाचेगणिक एकच ओळ आली आणि तिची किंमत १२० असली, तर माउस साधा आहे. कितीही सॉफ्टवेअर बदललं तरी त्याचं चाक बारीक होणार नाही, प्रोग्रॅममधलं ॲनिमेशन सुधारणं एवढंच हाती राहतं. खाच पूर्ण व्हायच्या आत १५, ३० असे छोटे आकडे येत असतील तर माउस आणि कर्नल दोघंही आपलं काम करताहेत.

याच पडद्यावर आणखी एक दोष सापडतो. एकाच दिशेने फिरवताना मध्येच उणे चिन्हाची ओळ दिसली, तर एन्कोडर खराब झालाय. त्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी, ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’. चाक फिरवलं की ‘पॉइंटर_स्क्रोल_व्हील’ अशी ओळ येते आणि तिच्यात ‘व्हर्ट १५.००/१२०.०’ अशी जोडी असते. पहिला आकडा अंशांचा, दुसरा १२० च्या हिशोबातला. इव्हटेस्टमध्ये बारीक आकडे होते आणि इथे सतत १२० च येताहेत, तर गळती लिबइनपुटमध्ये आहे. इथेही बारीक दिसताहेत पण पान उड्या मारतंय, तर दोष डेस्कटॉपचा किंवा प्रोग्रॅमचा. हाय-रेस माउसवर सुरुवातीची इवलीशी हालचाल लिबइनपुट मुद्दाम गिळतं, नाहीतर चाकावर नुसतं बोट टेकलं तरी पान हललं असतं. त्यामुळे स्थिर चाकाचा पहिला तुकडा इथे दिसला नाही तर तो बिघाड समजू नका.

फायरफॉक्स

सर्वात जास्त स्क्रोलिंग ब्राउझरमध्ये होतं, म्हणून इथे थोडा वेळ घालवलेला सार्थकी लागतो.

ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ उघडा आणि दोन ओळी वाचा. ‘विंडो प्रोटोकॉल’ समोर वेलँड, एक्सवेलँड (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्रॅम चालवणारा थर) किंवा एक्स११ असं लिहिलेलं असतं. फायरफॉक्स १२१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२३ पासून, वेलँड सत्रात तो आपोआप वेलँडवर चालतो. तुमचं सत्र वेलँडचं असून इथे एक्सवेलँड दिसत असेल, तर आवृत्ती जुनी आहे किंवा कुठेतरी जुनी सेटिंग शिल्लक आहे. दुसरी ओळ ‘कंपोझिटिंग’ची. तिथे ‘वेबरेंडर (सॉफ्टवेअर)’ लिहिलेलं असेल तर ग्राफिक्स कार्ड वापरलंच जात नाही, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय. साठ हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. जुन्या दोन कोरच्या प्रोसेसरला तेवढ्यात जड पान रंगवून होत नाही, फ्रेम गळतात आणि स्क्रोल अडखळतो. अशा वेळी चाकाच्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी जागेवर आणा.

एक्स११ वर स्क्रोल ठोकळ वाटत असेल तर ‘/ईटीसी/एन्व्हायरन्मेंट’ या फाइलमध्ये ‘मॉझ_यूज_एक्सइनपुट२=१’ ही ओळ घाला (बरोबरच्या चिन्हाआधीची सगळी अक्षरं कॅपिटल), लॉगआउट करून परत लॉगइन करा. याने फायरफॉक्स चाकाला ‘चौथं आणि पाचवं बटण’ या जुन्या रूपात न वाचता एक्सइनपुटच्या नव्या रूपात वाचतो. वेलँडवर ही ओळ लागत नाही.

ॲनिमेशनसाठी आधी सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात ‘यूज स्मूद स्क्रोलिंग’वर टिक आहे ना ते बघा. मग ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘स्मूदस्क्रोल.माउसव्हील’ शोधा. ‘ड्युरेशनमिनएमएस’ आणि ‘ड्युरेशनमॅक्सएमएस’ हे ॲनिमेशनचा किमान आणि कमाल वेळ मिलिसेकंदांत ठरवतात. साध्या माउसवर २०० ते ३०० वाचायला बरं वाटतं. हाय-रेस माउसवर दोन्ही आकडे १०० च्या आसपास आणा, कारण चाकच बारीक असताना वरून लांब ॲनिमेशन आलं की पान बोटाच्या मागे रेंगाळतं. ‘जनरल.स्मूदस्क्रोल.एमएसडीफिजिक्स.एनेबल्ड’ ट्रू केलं तर स्प्रिंगच्या गणितावर चालणारं वेगळं ॲनिमेशन मिळतं. सलग, भरभर स्क्रोल करणाऱ्यांना ते आवडतं, ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

एका खाचेला पान किती सरकावं यासाठी ‘माउसव्हील.डिफॉल्ट.डेल्टा_मल्टिप्लायर_वाय’ आहे. मूळ किंमत १००. साठ केली की पाऊल छोटं, १५० केली की मोठं. बदल लगेच लागू होतो, म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये लांब लेख उघडा ठेवून वीस-वीसच्या टप्प्याने बदलत जा.

क्रोमियमच्या घराण्यात (क्रोम आणि त्यावर बेतलेले ब्राउझर) एवढी मोकळीक नाही. ‘क्रोम://फ्लॅग्ज’मध्ये ‘स्मूद स्क्रोलिंग’ असं शोधून ते चालू करायचं, आणि वेलँड सत्रात ब्राउझर एक्सवेलँडवर चालत असेल तर ‘--ओझोन-प्लॅटफॉर्म=वेलँड’ हा पर्याय देऊन सुरू करून बघायचा. व्हीएस कोडमध्ये सेटिंग्जमध्ये ‘स्मूद स्क्रोलिंग’ शोधलं की संपादकासाठी वेगळी टिक मिळते.

बाकी प्रोग्रॅम आणि डेस्कटॉप

ग्नोमच्या फाइल्स, डॉक्युमेंट व्ह्यूअर वगैरे जीटीकेवर बनलेल्या प्रोग्रॅममध्ये एका खाचेचं पाऊल खिडकीच्या उंचीवरून ठरतं: उंचीचा दोन-तृतीयांश घात. हजार पिक्सेल उंच खिडकीत एक खाच १०० पिक्सेल सरकवते, ५१२ पिक्सेलच्या खिडकीत ६४. एकाच प्रोग्रॅममध्ये कधी जास्त, कधी कमी सरकतंय अशी शंका येते तिचं उत्तर हेच. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये चाकाचा वेग बदलायची सोयच नाही. ‘पॉइंटर स्पीड’ हलवून काही उपयोग होत नाही, तो फक्त बाणाचा वेग आहे. रोज तासन्‌तास वाचणाऱ्या माणसाला हा वेग आपल्या हातात हवाच, आणि तेवढ्यासाठी केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप निवडावा असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात माउसच्या सेटिंगमध्ये स्क्रोलच्या वेगाचा वेगळा स्लायडर आहे. स्वे हा वेलँडवरचा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी कॉन्फिग फाइलच्या इनपुट भागात ‘स्क्रोल_फॅक्टर ०.५’ असं लिहावं.

पीडीएफसाठी ओक्युलर हा वाचक प्रोग्रॅम घ्या. त्याच्या ‘कॉन्फिगर ओक्युलर’मध्ये, जनरल पानावर, ‘यूज स्मूद स्क्रोलिंग’ आहे आणि साध्या माउसवरही ते चांगलं चालतं. सरकारी राजपत्रं, पाठ्यपुस्तकांच्या स्कॅन प्रती किंवा छपाईआधीचे प्रूफ वाचणाऱ्यांना याने डोळ्यांना पुष्कळ आराम पडतो.

एक्स११ वर जीटीकेचे प्रोग्रॅम वापरताना एक तक्रार हमखास येते: दुसऱ्या खिडकीतून परत आल्यावर पहिली खाच वाया जाते. तिथे चाकाची किंमत ‘किती सरकलं’ अशी येत नाही. एक सतत वाढत जाणारा आकडा येतो आणि प्रोग्रॅम मागच्या आकड्याशी वजाबाकी करून पाऊल काढतो. बाण दुसऱ्या खिडकीत असताना तुम्ही चाक फिरवलेलं असतं, म्हणजे आकडा पुढे गेलेला असतो. परत आल्यावर प्रोग्रॅमकडे जुनाच आकडा असतो, त्याने सरळ वजाबाकी केली तर पान कुठल्या कुठे जाईल. म्हणून तो पहिला इव्हेंट नुसती नवी सुरुवात म्हणून नोंदवतो आणि पान हलत नाही. वेलँड प्रत्येक वेळी फरकच पाठवतो, तिथे हा प्रश्न उरत नाही.

एक्स११ वर हाय-रेस बंद करून पाहायचं असेल तर ‘एक्सइनपुट लिस्ट-प्रॉप्स’ आणि पुढे माउसचा क्रमांक द्या. यादीत ‘हाय रेझोल्यूशन व्हील स्क्रोल एनेबल्ड’ असा गुणधर्म दिसेल, एकचा शून्य केला की बंद. त्याच यादीत ‘स्क्रोलिंग पिक्सेल डिस्टन्स’ही असतं. चाकाचा वेग बदलेल या आशेने तो आकडा बदलू नका, चाकाशी त्याचा संबंध नाही.

आणि आयएमव्हील बसवलं असेल तर काढा. तो चाकाच्या एका खाचेमागे अनेक खोट्या क्लिक पाठवतो. त्या पूर्ण खाचाच असतात, त्यामुळे स्क्रोल जलद होतो पण आणखी ठोकळ होतो, शिवाय हाय-रेस माउसची सगळी बारकाई मातीत जाते. वेलँडवर तर वेलँडच्याच खिडक्यांना तो लागूही पडत नाही. पॅकेज काढल्यावर स्टार्टअपच्या यादीतली त्याची नोंदही पुसा.

लॉजिटेकचे माउस

या कंपनीच्या बऱ्याच माउसना कर्नल स्वतःच हाय-रेस अवस्थेत टाकतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. घोळ होतो तो ही अवस्था माउसच्या आत राहते म्हणून. समजा, एकच माउस बटण दाबून विंडोजच्या लॅपटॉपवर आणि लिनक्सच्या डेस्कटॉपवर आलटून पालटून वापरता. विंडोजच्या बाजूने हाय-रेस बंद झालं आणि लिनक्सला त्याचा पत्ता नसला, तर आठ तुकड्यांच्या हिशोबात पूर्ण खाच एक-अष्टमांश मोजली जाते आणि पान मुंगीच्या पावलांनी सरकतं. उलट झालं तर एका खाचेत पानंच्या पानं उडतात. असं अचानक आठपट हळू किंवा आठपट जलद झालं की माउस बंद करून पुन्हा चालू करा. त्याने नाही भागलं तर ‘सोलार’ नावाचं साधन बसवा, माउस निवडा, आणि ‘स्क्रोल व्हील रेझोल्यूशन’ एकदा बंद करून परत चालू करा. त्याच्याच खालचं ‘स्क्रोल व्हील डायव्हर्जन’ बंदच असू द्या. ते चालू झालं की चाकाची हालचाल नेहमीच्या वाटेने येतच नाही आणि चाक मेल्यासारखं वाटतं.

चाकच उलटं जात असेल तर

इव्हटेस्टमध्ये मध्येच उणे ओळी दिसल्या तर सॉफ्टवेअर सोडा आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. यांत्रिक एन्कोडरच्या आत धातूच्या पात्यांचे संपर्क असतात. मुंबईची दमट, खारी हवा आणि आत साठलेली धूळ यांनी त्यांच्यावर थर चढतो, ठोके अर्धवट उमटतात आणि दिशा चुकते.

माउसची केबल किंवा बॅटरी काढा. स्क्रू बहुधा तळाच्या चकत्यांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. चकती नखाने हळूच उचला, कोपऱ्यातून ओढली तर परत चिकटत नाही. झाकण उघडताना आतली पट्टी केबल तुटणार नाही ना ते पाहा. चाकाचा षटकोनी दांडा ज्या छोट्या चौकोनी डबीत शिरतो ती एन्कोडर. तिच्या भोकापाशी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक हलका फवारा सोडा, चाक दोन्ही दिशांना वीस-तीस वेळा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून महिन्याभरात चाक पूर्वीपेक्षा वाईट होतं. डबीऐवजी चाकालाच बारीक फटी असतील आणि एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर बसवलेला असेल, तर एन्कोडर ऑप्टिकल आहे. तिथे अडकलेला केस किंवा धूळ मऊ ब्रशने काढणं पुरतं.

सफाई टिकली नाही तर एन्कोडर बदलता येतो. तीन पायांचे सोल्डर काढायचे. नवा घेताना जुना सोबत न्या किंवा बोर्डापासून त्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. ७, ८, ९, १०, ११ मिमी अशा उंचीचे मिळतात आणि एक मिलिमीटर चुकला तरी चाक तिरकं बसतं.

फ्रीबीएसडी

फ्रीबीएसडी या लिनक्सपेक्षा वेगळ्या मुक्त प्रणालीवरही लिबइनपुट आणि वेलँड चालतात, त्यामुळे फायरफॉक्स आणि ओक्युलरचे वरचे बदल तसेच लागू पडतात. तिथे ॲनिमेशनपासूनच सुरुवात करावी, थोड्या श्रमात तेवढं तरी नक्की सुधारतं.

माउस चुकीचे आकडे पाठवत असेल तर

काही माउस हाय-रेस असल्याचं सांगतात पण आकडे भलतेच देतात. खाच १२० ची होत नाही, किंवा साधा आणि हाय-रेस इव्हेंट जुळत नाहीत. लिबइनपुटला हा इव्हेंट दुर्लक्षित करायला सांगता येतं. ‘सुडो लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस’ चालवून माउसचं नाव जसंच्या तसं टिपून घ्या. मग ‘/ईटीसी/लिबइनपुट/लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स’ ही फाइल बनवा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात कोणतंही नाव, दुसरीत ‘मॅचनेम=’ आणि टिपलेलं नाव, तिसरीत ‘ॲट्रइव्हेंटकोड=-आरईएल_व्हील_हाय_रेस;-आरईएल_एचव्हील_हाय_रेस;’. ‘मॅचनेम’ आणि ‘ॲट्रइव्हेंटकोड’ हे सलग लिहायचे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, इव्हेंटची नावं पूर्ण कॅपिटल. उणे चिन्ह विसरू नका, ‘हा इव्हेंट काढून टाक’ असा त्याचा अर्थ. फाइल जतन करून ‘लिबइनपुट क्वर्क्स व्हॅलिडेट’ चालवा. काहीही चूक न दाखवता संपलं की लॉगआउट करून परत या. या फाइलचं स्वरूप लिबइनपुटच्या पुढच्या आवृत्तीत बदलू शकतं, म्हणून मोठ्या अपग्रेडनंतर हीच तपासणी पुन्हा करा.

हा उपाय लागू पडला तर तो स्वतःपुरता ठेवू नका. ‘सुडो लिबइनपुट रेकॉर्ड’ चालवून यादीतून फक्त माउस निवडा, चाक दहा-बारा खाचा खाली आणि तेवढंच वर फिरवा आणि आलेला मजकूर फाइलमध्ये साठवा. ती फाइल, माउसचं मॉडेल आणि कर्नलची आवृत्ती लिबइनपुटच्या गिटलॅबवर (तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर) इंग्रजीत नोंदवली की तो बदल पुढच्या आवृत्तीत सगळ्यांसाठी येऊ शकतो. कळफलकाची नोंद निवडू नका. तिथे कीची खरी नावं झाकलेलीच जातात, पण चाकाच्या तक्रारीत तिची गरजच नाही.